किड्याच्या वेळेनं

सिल्वासात बागांना तोटा नाही. शहरात हिरवा वन आहे, वापीहून येताना वाटेत दादऱ्याचं वनगंगा. तिथल्या लाकडी पुलांवर रविवारी इतके फोटो निघतात, की पुलांनाही एव्हाना पोझ द्यायची सवय लागली असावी. अशा जागी पुलाकडे पाठ करून जास्वंदीच्या झुडपात डोकं खुपसलं, की चौकशी ठरलेलीच. "काका, कंई पडी गयुं?" किड्याचा फोटो काढतोय म्हटलं, की विचारणारा आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या घरच्यांकडे, तेही फार कणवेनं.

माणसाला निदान 'जरा इकडे बघा' म्हणता येतं. चतुराला काय सांगणार? त्याचा एकेक डोळा हजारो बारीक भिंगांचा, मागून गेलो तरी त्याला पत्ता लागतो. नवशिका मग त्याच्यामागे बागभर पळतो. पळू नये. उडालेला चतुर बऱ्याचदा फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. काडीवर फोकस धरून मुकाट बसावं.

कॅमेरा महागडाच हवा असं नाही. मोबाइलला चिमट्यानं लावायचं मॅक्रो भिंग सुरुवातीला पुरतं, फक्त ते लावल्यावर किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं. इतक्या जवळून मिशा स्पष्ट आल्या तर पाय पुसट, पाय आले तर डोळे गायब. डोळे सांभाळावेत, बाकीचं धूसर झालं तरी खपतं. त्यातून सगळं जुळून आलंच, तर वारा सुटतो.

खरं तर बागेत जायचीही गरज नसते. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट दिसली तर पुसायची घाई करू नका, नीट बघा. काळपट अंग, मध्ये पांढरा डाग, आणि शीट हळूच सरकतेय! ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. ही वेशभूषा पक्ष्यांना फसवायला असते. डिवचलंच, तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. महाराष्ट्रानं २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पानं खातात. फोडणीला पानं कमी पडली तर घरात तेवढं समजावून सांगावं.

किडा हलू नये म्हणून त्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवणारेही हौशी असतात. निश्चल मॉडेल मिळतं, पण हा शुद्ध आडदांडपणा आहे. किड्याचं अंग बाहेरच्या उन्हावर तापतं. थंडीतल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तो आपणहून सुस्त असतो, पंखांवर दव घेऊन बसलेला असतो. तेव्हा कृपा करून फ्रिज भाजीसाठी राहू द्या आणि गजर तासभर अलीकडे घ्या.