पणजोबांसह खोली

आमच्या गुहागरच्या घरातल्या ज्या ज्या वस्तूंची काकूला जन्मभर लाज वाटली, त्याच वस्तूंसाठी लोक आता रात्रीचे साडेचार हजार रुपये मोजतात. सीझनला सहा. न्याहारी धरून.

गुहागर ज्यांनी पाहिलंय त्यांना घराची रचना सांगायला नको. एकच लांबलचक रस्ता, त्याचे वरचा पाट आणि खालचा पाट असे दोन भाग, दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी संपली की सुरूचं बन, बन संपलं की पुळण. आमचं घर त्याच बाजूचं. ओटी, माजघर, माडी, मागची पडवी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. काका-काकू तिथे राहतात. आम्ही पुण्याहून मे महिन्यात आंबे खायला जातो आणि ‘घराचं काहीतरी करायला हवं’ असं म्हणून आंब्याची पेटी घेऊन परत येतो. इतकी वर्षं हे वाक्य कुणी मनावर घेत नसे. मग माझ्या लेकीनं इंटिरियर डिझाइनचा कोर्स पूर्ण केला आणि तिनं ते घेतलं.

काकांचा बेत साधा होता. एमटीडीसीची निवास-न्याहारी योजना, दोन खाटा, एक टेबलफॅन, आणि फाटकावर पाटी : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय आहे.’ लेकीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आजोबांना एअरबीएनबीच्या जन्माची कथा सांगितली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या दोन पोरांना घरभाडं झेपेना. शहरात डिझाइनवाल्यांची परिषद भरलेली, हॉटेलं फुल्ल. त्यांनी घरात हवेच्या तीन गाद्या फुगवल्या आणि तीन पाहुणे ठेवून घेतले.

“पैसे घेतले?” काकांनी विचारलं.

“माणशी ऐंशी डॉलर.”

“हवा भरलेल्या गादीचे?”

“हो. न्याहारी दिली ना पण.”

काकांनी सुपारी कातरायची थांबवली. “आमच्या बाबल्याच्या मुंजीत या ओटीवर तीस माणसं निजवली मी. कापसाच्या गाद्यांवर. तीन दिवस जेवली आणि जाताना आहेरात स्टीलच्या वाट्या देऊन गेली.”

कथेचा उत्तरार्ध लेकीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा होता. पुढे धंदा काही केल्या वाढेना. २००९ मध्ये ती पोरं न्यू यॉर्कला गेली, घरमालकांकडे जाऊन पाहिलं, तर घरं बरी होती पण फोटो भिकार. मग त्यांनी स्वतःच कॅमेरा घेऊन घरोघरी चांगले फोटो काढले, आणि गाडी रुळावर आली. “तेव्हा आजोबा, लोक खोली नाही बुक करत, फोटो बुक करतात.” त्या क्षणापासून आमच्या घरात माणसाच्या सोयीचा विचार बंद झाला आणि लेन्सच्या सोयीचा सुरू झाला.

सुरुवात भिंतींपासून झाली. पस्तीसेक वर्षांपूर्वी काकांनी हौसेनं ओटीच्या आणि माडीच्या चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता आणि वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट दिला होता. त्या काळी चिरा उघडा दिसणं म्हणजे घरात पैसा नसणं. लेकीनं फर्मान काढलं : गिलावा खरवडा, चिरा दिसला पाहिजे. ज्या गवंड्यानं गिलावा केला होता त्याचाच मुलगा तो काढायला आला. बापानं लावायचे जेवढे घेतले होते त्याच्या कितीतरी पट मुलानं काढायचे घेतले. वर जाताना काकांना म्हणाला, “पुन्हा लावायचा झाला तर सांगा, माझा मुलगा आहे.”

मग भांडी. काकू लग्न होऊन आली तेव्हा घरात तांब्याचा बंब, घंगाळं, पितळी डबे, परात, हंडे असा सगळा जामानिमा होता. दर दिवाळीला ते चिंचेनं घासताना तिच्या बोटांची सालं निघायची. स्टीलचं युग गुहागरला पोचलं तशी तिनं मोडीवाल्याला हाक मारली आणि एकेक हंडा देऊन चकचकीत डबे घेतले. त्यांवर नावं घालून घेतली. ते डबे तिच्या संसारातलं मोठं स्वातंत्र्य होतं. आता नात सांगत होती की माडीवर पितळ हवं. घरातलं शिल्लक म्हणजे एक बंब, तोही कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून. बाकीचं मुंबईहून आलं, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून. त्यातल्या एका घंगाळ्याच्या काठाला विशिष्ट जागी पोचा होता. काकूनं त्यावरून बोट फिरवलं, एकदा काकांकडे पाहिलं आणि काही न बोलता पितांबरी आणायला आत गेली. बंबात आता मनीप्लांट आहे. पाणी तापवायला गीझर.

घराचे असे दोन भाग पडले. पुढचं अंग पाहुण्यांचं : उघडा चिरा, कोबा, कोनाड्यातली समई, कंदिलात एलईडी. मागच्या पडवीत आम्ही : पिस्ता ऑइलपेंट, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, फुलाफुलांच्या चादरी आणि नावं घातलेले स्टीलचे डबे. पाहुणे पुढे शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणात राहतात आणि त्यांना ते कोकण पुरवणारी माणसं मागे सनमायकाच्या टेबलावर टोस्ट-चहा घेतात. मला स्वतःला मागची बाजू जास्त आवडते. तिथे बसलं की पाठीला चिऱ्याची माती लागत नाही.

यानंतर पांढऱ्या चादरींचा प्रश्न आला. लेकीचं म्हणणं, चादर पांढरीच हवी. वेस्टिन हॉटेलवाल्यांनी १९९९ साली ‘हेवनली बेड’ नावाचा शुभ्र पलंग आणला आणि तेव्हापासून जगभरच्या पाहुण्याला पांढरी चादर दिसली की स्वच्छता दिसते. असेल. पण वेस्टिनच्या पाहुण्याला तांबड्या मातीतून चालत आणि पुळणीवर लोळून पलंगावर यावं लागत नाही. आमचा पाहुणा तेवढंच करतो. पहिल्या आठवड्यात चादरींचा रंग जांभ्याशी इतका जुळला की फोटो पुन्हा काढावेत का, अशी चर्चा झाली. दुसरी अडचण सामाजिक होती. अंगणात एकाच वेळी चार पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या पाहून वरच्या पाटावरून दोघंजण हातातली कामं टाकून आले आणि फाटकातच हलक्या आवाजात विचारते झाले, “कधी झालं?” काका समोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांची जरा निराशाच झाली. शेवटी तोड निघाली. चादर पांढरीच, पण पायगती तांबड्या माहेश्वरी काठाचा पट्टा. फोटोत तो शोभेचा दिसतो. प्रत्यक्षात पाय पुसायला तोच वापरतात.

हॉटेल सजवणाऱ्यांना माझा एक फुकटचा सल्ला आहे : खुंटी. बाकी काही नसलं तरी चालेल. आमच्या माडीवर भिंतीत सागवानी खुंट्या होत्या, एकीवर छत्री, दुसरीवर सदरा, तिसरीवर पंचा, कोपऱ्यातल्या खुंटीवर सोवळं. लेकीला भिंत ‘क्लीन’ हवी होती, म्हणून सगळ्या उपटल्या. त्यांच्या जागी जोधपूरहून आलेला एक कोरीव दरवाजा नुसताच भिंतीला टेकवून उभा केला. तो कुठेही उघडत नाही. आता गुहागरला येणारा माणूस दोन कामांसाठी येतो : समुद्रात भिजायला, नाहीतर व्याडेश्वराला अभिषेक करायला. व्याडेश्वर कित्येक कोकणस्थांचं कुलदैवत. म्हणजे पाहुण्याजवळ एक तर ओला टॉवेल असतो किंवा ओलं सोवळं. या ओल्या कपड्याला खोलीत जागा काय? जोधपूरचा दरवाजा. त्याच्या कोरीव हत्तींच्या सोंडांना महिनाभरात इतक्या चड्ड्या लटकल्या की एका हत्तीनं सोंड सोडली. मग काकांनी मागच्या खोलीतून उपटलेल्या खुंट्या शोधून आणल्या आणि लेक पुण्याला गेलेली पाहून पुन्हा ठोकल्या. दरवाज्यावरच ठोकल्या. आता त्याचा काही उपयोग तरी आहे. तशीच गत उशाशी प्लग नसण्याची. माणूस हजारो रुपये देऊन निसर्गात येतो आणि रात्री चार्जर पोचत नाही म्हणून डोकं पायगती करून झोपतो.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगतो. वाइड अँगल लेन्सनं काढलेल्या फोटोत आमची माडी एखाद्या मंगल कार्यालयाएवढी दिसते. नवे पाहुणे आत येतात, बॅग ठेवतात आणि उरलेली खोली शोधू लागतात. काका त्यांना नम्रपणे सांगतात, “तेवढीच आहे. बाकीची फोटोत.”

पाट्यांवरून आजोबा-नातीचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तिनं भिंतीवर इंग्रजीत, वळणदार अक्षरांत ‘गुड व्हाइब्स ओन्ली’ लावलं. काकांनी अर्थ विचारला, मग म्हणाले, “असल्या मोघम सूचनेनं काही होत नाही.” त्यांची नोकरी पोस्टात झालेली, सूचना लिहावी तर नेमकी. त्यांनी झोपाळ्यावर लावली : ‘कड्या माणसांच्या वजनासाठी आहेत, पैजांसाठी नाहीत.’ विहिरीवर : ‘रहाटाचा दोर सोडून देऊ नये. वर काढायला आमचाच माणूस उतरतो.’ न्हाणीघरात : ‘पाल निरुपद्रवी आहे. ती येथे आपल्या आधीपासून आहे.’ पाहुणे ‘गुड व्हाइब्स’कडे ढुंकूनही बघत नाहीत आणि पालीच्या पाटीबरोबर सेल्फी काढतात. लेकीनं आता ती पाटी फ्रेम करून घेतलीय.

राहता राहिले पणजोबा. ओटीवर आमच्या खऱ्या पणजोबांचा फोटो होता. पगडी, उपरणं, आणि समोरच्यानं उसने घेतलेले पैसे अजून दिले नाहीत असा चेहरा. पाहुण्यांना त्यांची भीती वाटू लागली. एका जोडप्यानं तर रात्री फोटो उलटा करून ठेवला. सकाळी ते पाहून काकू खवळली, “भाडं भरून आमच्या थोरल्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात?” तिनं फोटो उचलला आणि मागच्या पडवीत, फ्रिजच्या वर लावला. ओटीच्या भिंतीवर खिळा तेवढा राहिला. ती उणीव लेकीनं मटण स्ट्रीटवरूनच भरून काढली. कुणाचे तरी पणजोबा, रीतसर काचेत मढवलेले. काळी टोपी, कोटाला गुलाब, हातात काठी, मुद्रा अत्यंत सौम्य. घासाघीस करून बाराशेला पडले.

“हे कोण?” पहिल्याच पाहुण्यानं विचारलं. काकांच्या तोंडून आजवर खोटं निघालेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी क्षणभर फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमचे पणजोबा. फार प्रेमळ होते.” एकदा प्रेमळ ठरल्यावर मग माणूस वाढत गेला. त्यांनी गावात पहिला फोनोग्राफ आणला. ते पायी पुण्याला जाऊन नाटक बघून आले. दाभोळच्या खाडीत तर उलटल्यावर त्यांनी सात माणसं वाचवली आणि स्वतः गेले. पुढच्या शनिवारी आलेल्या पाहुण्यांसाठी तेच ब्याण्णव वर्षं जगून झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले. “एकाच माणसाला किती वेळा मारता?” काकू आतून ओरडली. पण पाहुण्यांच्या अभिप्रायांत समुद्राच्या खालोखाल पणजोबांचं नाव येऊ लागलं. भाद्रपदात सर्वपित्रीला काकूनं आपल्या पितरांबरोबर एक पान त्यांच्याही नावानं वाढलं. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप धरतात, तेवढी सोय शास्त्रानं करून ठेवली आहे.

गेल्या डिसेंबरात डोंबिवलीच्या एक बाई अभिषेकासाठी कुटुंब घेऊन आल्या. दोन खोल्या, दोन रात्री. ओटीवर पाऊल ठेवलं आणि फोटोसमोर थबकल्या. “अहो, हे तर आमचे पणजोबा! आजीच्या खोलीत अस्साच फोटो होता. घर विकलं तेव्हा कुठे गेला कळलंच नाही.”

मी तिथेच होतो. माझ्या पोटात गोळा आला, कारण बाई खरंही बोलत असू शकत होत्या. काका डगमगले नाहीत. “असतील,” ते म्हणाले. “म्हणजे आपलं काहीतरी नातं निघतं तर.”

बाईंचा चेहरा उजळला. दोन दिवस त्यांनी काकांना ‘भाऊ’ म्हणून हाक मारली, काकूकडून घावनांचं तंत्र शिकून घेतलं, नारळ पिशवीत भरून घेतले. निघायच्या सकाळी हिशेबाचा कागद बघून त्या हसल्या. “भाऊ, आता घरच्यांकडून कसले पैसे घेता!”

“अगदी बरोबर,” काका म्हणाले. “घरच्या माणसाकडून पैसे घ्यायची आपल्यात पद्धतच नाही. माझंच चुकलं. फक्त घरची माणसं माडीवर निजत नाहीत, मागच्या पडवीत निजतात. चला, दाखवतो. चादर फुलाफुलांची, पंखा एकच, तो काकूकडे. पहाटे पाचला वाडीचं शिंपणं, मग माणशी पंचवीस नारळ सोलायचे. आपले थोरले पणजोबाही तिथेच असतात, पगडीवाले. फ्रिजच्या वरून रात्रभर बघत असतात. पुढच्या खेपेपासून तुमची सोय तिथेच करतो. या खेपेचं काय करायचं, ते तुम्ही सांगा.”

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि क्यूआर कोड कुठे लावलाय ते विचारलं.