लाडूची आंघोळ

स्टुटगार्ट, रविवार

ती. दादा व ती. सौ. आई यांस,


आम्ही सगळे खुशाल. लाडूही खुशाल आहे, फक्त कालपासून माझ्याशी बोलत नाही. काल त्याला आंघोळ घातली.

तिकडचं आपलं कुत्रं काळ्या, त्याने उभ्या जन्मात साबण पाहिला नाही. आवणीच्या दिवसांत पोटापर्यंत चिखलात लोळायचा आणि भातसा नदीत उडी टाकून आपला आपण धुऊन निघायचा. पण आईने अंगणात बादली आणली की जो पळायचा, तो जेवायलाच उगवायचा! इथली कुत्र्यांची डॉक्टरीण म्हणते, भीती पाण्याची नसते. पाय घसरण्याची, दाबून धरण्याची आणि साबणाच्या वासाची असते. अंगाचा वास हीच कुत्र्याची ओळख, ती आपण गुलाबाने पुसतो, मग तो शेण शोधत फिरतो. एवढं सांगायचे तिने जे घेतले, त्यात शहापुरात शेळी आली असती.

टबात उतरवताच लाडूचे चार पाय चार दिशांना. शेवटी, दादा, तुमचा इथे राहिलेला पंचा तळाशी अंथरला. क्षमा असावी. मग गडी उभा राहिला. कोमट पाणी खांद्यापासून खाली, कानांत थेंब नाही, तोंड ओल्या फडक्याने. आपला शाम्पू त्याला चालत नाही, कातडी कोरडी पडून खाज सुटते. नंतर त्याने अंग झटकलं. ओलं कुत्रं ४ सेकंदांत ७० टक्के पाणी झटकतं, असं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलंय. ते माझ्या अंगावर आलं. उरलेले ३० टक्के घेऊन तो सोफ्यावर गेला. बोलणार कोण? इथे कुत्र्यामागे पालिकेला कर भरावा लागतो, त्यामुळे रुबाब फार.

तेवढं पाणी सांडताना आई, तुझा हंडा आठवला. भातसाचं पाणी मुंबईला आणि मे महिन्यात आपल्याच तालुक्यात टँकर. लाडूला यातलं काही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंचा खरा उपाय शेवटी आला: रोज फणी फिरवा, गोचीड बघा, आंघोळ क्वचितच. म्हणजे दादा संध्याकाळी पडवीत काळ्याला मांडीशी घेऊन जे करायचे, तेच. तेव्हा काळ्या डोळे मिटून पडायचा.

आपला,
बाळू

ता. क. कुणी इकडे येणार असेल तर दोन पंचे पाठवा. एक माझ्यासाठी.