बागेतले अल्पभागधारक

ब्रिटनमधील गार्डन सेंटर ही संस्था रोपवाटिकेच्या पोटी जन्मली असली, तरी तेथे रोप शोधणाऱ्या ग्राहकाला आधी सुगंधी मेणबत्त्या, लोकरी मोजे, सशांचे खाद्य, शुभेच्छापत्रे आणि सप्टेंबरपासूनच मांडलेली नाताळची आरास ओलांडावी लागते, आणि एवढे ओलांडल्यावर लागणाऱ्या उपाहारगृहात चहा-केक झाला की आपण गुलाबाचे कलम घ्यायला निघालो होतो याचे त्याला सोयीस्कर विस्मरण होते. रोप न खपल्यास मरते, मेणबत्ती मरत नाही, आणि केक तर खपेपर्यंत कोणाकडे पाणीही मागत नाही. त्यामुळे या धंद्यात हिरवाई ही पुष्कळदा गिऱ्हाईक आत यावे म्हणून दाखवायची वस्तू ठरते. अशा कंपनीचे शंभर-दोनशे शेअर बाळगणारा अल्पभागधारक, म्हणजे ज्याच्या मताने सर्वसाधारण सभेत काहीही बदलत नाही पण ज्याला सभेची नोटीस मात्र पाठवावीच लागते असा मालक, आपल्या नावावर वसंत ऋतूचा एक तुकडा आहे अशा श्रद्धेने जगत असतो.

या श्रद्धेला शास्त्राधार आहे. १९७७ ते १९९० या काळात मॅगेलन हा म्युच्युअल फंड सांभाळणारे अमेरिकन गुंतवणूकतज्ज्ञ पीटर लिंच यांनी सामान्य माणसाला असा धीर दिला, की रोजच्या व्यवहारात तुम्ही जे डोळ्यांनी पाहता, त्यातून चांगली कंपनी तुम्हाला बाजारातील पंडितांच्या आधी सापडू शकते. डोळ्यांनी पाहिल्यावर हिशेबही तपासावेत ही त्यांची पुढची अट होती, परंतु कोणत्याही आचार्याच्या शिकवणीचा सोपा अर्धाच शिष्यांच्या हाती लागतो. म्हणून गार्डन सेंटरचा अल्पभागधारक शनिवारी सकाळी वाहनतळावरील मोटारी मोजतो, खताच्या पोत्याची किंमत टिपतो, उपाहारगृहातील रांग किती लांब आहे हे रांगेत उभे राहूनच तपासतो, आणि सहकुटुंब जेवणाचे बिल चुकते करून परतताना, वर्षभराच्या लाभांशाहून, म्हणजे कंपनीने नफ्यातून भागधारकांना वाटलेल्या रकमेहून, अधिक पैसे आपण एका दुपारीच कंपनीला परत केले याकडे संशोधनखर्च म्हणून पाहतो.

निरीक्षणाची दुसरी शाखा हवामानाची आहे. या धंद्यातील बागकामाची विक्री मार्च ते जून या महिन्यांत एकवटलेली असते. २००६ साली आग्नेय इंग्लंडमध्ये पाणीटंचाईमुळे बागेत नळीने पाणी घालण्यास बंदी आली आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात पूर आले, तेव्हा कोरड आणि ओल या दोन्ही गोष्टी नफ्याला सारख्याच घातक असतात हा सिद्धान्त अल्पभागधारकांनी अनुभवाने मान्य केला. त्यात १९९४च्या रविवार व्यापार कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना ईस्टरच्या रविवारी, म्हणजे बागकामाच्या ऐन हंगामात, दार बंद ठेवावे लागते, आणि ईस्टरची तारीख तर वसंतातील पौर्णिमेवर ठरते. परिणामी, पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्या पौर्वात्यांकडे पाहून हसणारा हा इंग्रज गुंतवणूकदार स्वतः मात्र पौर्णिमा कधी येते हे पाहून सहामाही नफ्याचे भाकीत करतो, आणि त्याला विश्लेषण म्हणतो.

या सर्व निरीक्षणाचा शेअरच्या भावाशी असलेला संबंध डॉबीज या स्कॉटिश कंपनीच्या प्रकरणात उत्तम रीतीने तपासला गेला. जेम्स डॉबी यांनी १८६५ मध्ये बियाण्यांच्या व्यापारातून सुरू केलेल्या या पेढीची २००७ पर्यंत वीसेक भव्य गार्डन सेंटरे झाली होती, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये टेस्को या अवाढव्य किराणा कंपनीने तिच्या प्रत्येक शेअरमागे १५०० पेन्स, म्हणजे १५ पौंड देण्याची तयारी दाखवून संपूर्ण कंपनीचे मोल सुमारे १५.५ कोटी पौंड ठरवले. ग्राहकांना पर्यावरणस्नेही वस्तू पुरवण्याची तळमळ हे टेस्कोने जाहीर केलेले कारण होते. शहराबाहेरच्या मोठ्या जागा आणि त्यांवरील ऐसपैस वाहनतळ यांचा मोह किराणा दुकानदाराला होतच नसेल असे मानणे ज्याला जमते, त्याने त्या कारणावर अवश्य विश्वास ठेवावा. अल्पभागधारक तोवर मोटारीच मोजत होता. मोटारीखालच्या जमिनीकडे त्याचे लक्ष गेले नव्हते.

याच सुमारास सर टॉम हंटर यांनाही बागकामाची ओढ लागली. मोटारीच्या मागच्या बाजूने खेळाचे बूट विकण्यापासून सुरुवात करून अब्जाधीशपदाला पोहोचलेल्या या स्कॉटिश उद्योजकाने २००६ मध्ये वायव्हेल ही देशातील सर्वांत मोठी गार्डन सेंटर साखळी ३१.१ कोटी पौंडांना घेतली होती, आणि आता ते डॉबीजचे शेअर गोळा करू लागले. येथे टक्केवारीचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ज्याच्या हाती कंपनीची ३० टक्के मते येतात, त्याला उरलेल्या सर्व भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा खुला देकार द्यावा लागतो (भारतात सेबीच्या २०११च्या नियमांनी ही रेषा २५ टक्क्यांवर ओढली आहे). कंपनीच्या मूलभूत रचनेत बदल करणाऱ्या विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागतात. आणि देकार देणाऱ्याने ९० टक्के शेअर मिळवले, की उरलेल्यांचे शेअर तो सक्तीने विकत घेऊ शकतो. अल्पभागधारकाच्या रक्षणासाठी घातलेल्या पहिल्या रेषेचा व्यवहारातील उपयोग असा, की तिच्या अलीकडे नेमके कोठे थांबावे हे मोठ्यांना कळते. हंटर सुमारे २९ टक्क्यांवर थांबले. टेस्कोला सुमारे दोन तृतीयांश शेअर मिळाले, म्हणजे कंपनी चालवण्यापुरते पुष्कळ आणि कंपनी पूर्ण गिळण्यापुरते अपुरे. आणि उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत मोटारी मोजणारे, पौर्णिमा पाहणारे, तसेच आजीच्या कपाटात शेअरप्रमाणपत्र असल्याचा पत्ताच नसलेले असे सारे मालक दाटीने राहू लागले.

२००८ मध्ये टेस्कोच्या वर्चस्वाखालील कंपनीने विस्तारासाठी नवे शेअर काढून भागधारकांकडूनच सुमारे १५ कोटी पौंड उभारण्याचा प्रस्ताव मांडला, जो कंपनीच्या सबंध किमतीला जवळपास भिडत होता. अशा प्रस्तावात प्रत्येकाने आपल्या वाट्याचे पैसे भरले तर प्रत्येकाचा हिस्सा जागच्या जागी राहतो आणि जो भरत नाही त्याचा हिस्सा आक्रसतो, त्यामुळे वरकरणी समतेचे हे तत्त्व टेस्कोच्या तिजोरीला आणि पेन्शनरच्या पासबुकाला एकाच मापाने लागू होते. यावर हंटर यांच्या कंपनीने एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये धाव घेतली, आणि तीही २००६च्या कंपनी कायद्यातील ९९४व्या कलमाखाली, जे बहुसंख्यांच्या कारभारामुळे अन्याय्य नुकसान सोसणाऱ्या सभासदासाठी केलेले आहे. एक अब्जाधीश असहाय अल्पसंख्य म्हणून न्यायासनासमोर उभा राहिला, हा कायद्याच्या समदर्शीपणाचा परमोत्कर्ष होय. न्यायालयाने अंतरिम मनाई देण्यास नकार दिला, हंटर यांनी त्याच वर्षी आपला हिस्सा टेस्कोला विकला, आणि टेस्को अखेर बागेची एकमेव मालक झाली. खऱ्या अल्पसंख्यांच्या वतीने या खटल्यात कोणी बाजू मांडल्याचे दिसत नाही. बाजू मांडण्याचा खर्च त्यांच्या शेअरांच्या एकूण किमतीत बसला नसता.

तथापि या इतिहासाचा निष्कर्ष अल्पभागधारकाच्या बाजूनेच काढावा लागतो. हंटर यांनी ३१.१ कोटींना घेतलेली वायव्हेल २०१२ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूकसंस्थेकडे २७.६ कोटींना गेली, आणि २०१८ पासून तिची दुकाने तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. टेस्कोने २०१६ मध्ये डॉबीज २१.७ कोटींना विकून पर्यावरणस्नेहाला पूर्णविराम दिला. आणि २०१९ मध्ये डॉबीजने वायव्हेलची ३७ केंद्रे विकत घेतली, म्हणजे एका दशकापूर्वी ज्या लग्नाची बोलणी फिसकटली ते अखेर लागले, परंतु वऱ्हाडात ना हंटर होते ना टेस्को. सल्लागार, वकील आणि बँका यांच्या फौजा पदरी असलेल्या या सर्व पक्षांच्या तुलनेत, ज्याने २००७ मध्ये आलेल्या देकाराच्या अर्जावर निमूटपणे सही केली, त्याला १५ पौंडांचा भाव रोख मिळाला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या आर्थिक संकटात त्याच्या हाती शेअरऐवजी पैसे होते. मोटारी, पौर्णिमा आणि केक यांचा अभ्यास त्याच्या यशाला कारणीभूत नव्हता, आणि हेच त्याला पटवून देणे अशक्य आहे. सही केली म्हणून नफा झाला असे मानणारा अल्पभागधारक अद्याप जन्माला यायचा आहे. आपण शनिवारी वाहनतळावर उभे राहिलो म्हणून नफा झाला असेच तो मानतो, आणि त्या बळावर मिळालेल्या पैशांतून दुसऱ्या एखाद्या बागेचे शेअर घेतो.