पेढी घरबसल्या चालविण्याचा शास्त्रोक्त विधी

पिढ्यान्‌पिढ्या गादीवर लोडाला टेकून चालत आलेला व्यापार ज्यांस आता अर्धा दुकानात व अर्धा कारकुनांच्या घरांत वाटून, संगणकाच्या साह्याने चालवावयाचा आहे, अशा सांगलीच्या हळदवाल्या आडत्यांच्या व ठोक व्यापाऱ्यांच्या उपयोगार्थ पुढील कलमे लिहिली आहेत. ही व्यवस्था अपूर्व आहे हा गैरसमज प्रथम टाकावा. महादजी शिंदे उत्तरेत आणि नाना फडणीस पुण्यात, एवढ्या अंतरावरून दौलतीचा कारभार पत्रांच्या थैल्यांवर चालला. तेव्हा पोत्यांचा हिशेब विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून होणे नाही, असे म्हणणे हा फाजील विनय होय.

कलम पहिले, बिलांविषयी. यार्डात बसणारा व घरी बसणारा असे दोन कारकून एकाच अनुक्रमाने बिले फाडू लागले, की एका क्रमांकाची दोन बिले जन्मास येतात आणि मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. यास्तव दोघांस निरनिराळ्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या स्वतंत्र मालिका द्याव्यात. कायद्याची त्यास हरकत नाही. क्रमांक सोळा अक्षरांत बसावा व त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, इतकेच.

कलम दुसरे. व्हिडिओवर बोलताना मालकांनी फोन छताकडे धरू नये. पंखा सर्वांनी पाहिलेला आहे.

कलम तिसरे, ओटीपीविषयी. आणि सर्व विधीचे मर्म येथेच आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी अमलात आला, त्या सुमारास नोंदणीत मोबाइल कोणाचा द्यावा असा प्रश्न आमच्या ओळखीच्या एका पेढीपुढे पडला. मालक फोन घरी विसरत, चिरंजीव दर उन्हाळ्यात नंबर बदलीत. सबब ज्यांचा नंबर, शब्द व धोतर ही तिन्ही कधी बदलली नाहीत त्या दिवाणजींचा नंबर दिला गेला. दिवाणजी पुढे निवृत्त होऊन नृसिंहवाडीस राहावयास गेले. नंबर त्यांच्याबरोबर गेला.

तेव्हापासून दर महिन्याच्या वीस तारखेस, विवरणपत्राची मुदत संपत आली असता, नवा कारकून त्यांस फोन लावतो.

"दिवाणजी, आकडा आला असेल बघा."

"आलाय. आधी सांग, राजापुरी काय दरानं गेली?"

दर, पाऊस, मालकांचा गुडघा एवढे प्रकरण आटोपल्यावर ते दोन-दोन अंक जोडून, खणखणीत स्वरात वाचतात : एकोणऐंशी, त्र्याण्णव, अठ्ठावन्न. इंग्रजी शाळेत शिकलेला कारकून एकोणसत्तर, त्र्याऐंशी लिहितो. "अरे बाळ, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी! पाढे कुणी शिकवले तुला?" हा पाठ संपेतो ओटीपीची मुदत सरते, नवा मागवावा लागतो, आणि राजापुरीचा विषय पुन्हा निघतो.

उपाय सोपा आहे. पोर्टलवर नोंदणीच्या दुरुस्तीत नंबर बदलून घ्यावा. त्यास अधिकाऱ्याच्या मंजुरीचीही गरज पडत नाही. परंतु मालक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण ओटीपीच्या निमित्ताने दिवाणजी उधारीची यादीही वाचावयास लावतात आणि मध्येच म्हणतात, "त्याला आता माल देऊ नको. त्याच्या बापानं पण असंच फिरवलं होतं." हा तपशील टॅलीत कोणत्या रकान्यात भरावा हे अद्याप कोणास सांगता आलेले नाही.

कलम चौथे. दिवसाचा रोजमेळ त्याच दिवशी मिळवावा, प्रत्येकास आपापला पासवर्ड द्यावा, आणि हिशेबाची एक प्रत रोज इमारतीबाहेर जावी. २००५ व २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, हे ज्यांस आठवते त्यांस याचे कारण सांगावे लागत नाही. दिवाणजी चालू खतावणी रोज रात्री फडक्यात बांधून घरी नेत, तेव्हा आम्ही त्यांस हसत असू.

कलम पाचवे, वाहतुकीविषयी. परराज्यात पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलावाचून हलवू नये. त्या पोर्टलात शिरतानाही आता ओटीपी लागतो, तो नोंदलेल्या नंबरावर येतो, आणि दत्तदर्शनास जाताना दिवाणजी फोन घरी ठेवतात. सबब अहमदाबादचा ट्रक भरून उभा असल्यास चालकास चहा पाजावा, त्याच्या शिव्या आपल्यास नाहीत असे समजावे, आणि वाडीच्या आरत्यांचे वेळापत्रक पेढीच्या भिंतीवर, परवान्याच्या शेजारी, ठळक अक्षरांत लावून ठेवावे.