नावेला फोकस किती?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं कडा हे गाव पाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून सावध. पाऊस बेतानं पडतो, तो पडला नाही की टँकर येतो, आणि टँकरच्या पाण्यात कुणी नौकाविहार करत नाही. रेल्वेची वाट या भागानं कित्येक वर्षं पाहिली. नगर-आष्टी गाडी अखेर २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. बंदराची मागणी मात्र अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून कडेकरांना बोटीतलं काही कळत नाही, असं समजायचं धाडस कुणी करू नये. समजा, सहलीची एक छोटी मोटारबोट ट्रकवर लादून कुठल्याशा धरणाकडे निघाली आहे आणि ट्रकचं टायर नेमकं कड्यात बसलं आहे. चहाचा पहिला ग्लास संपायच्या आत बोटीभोवती रिंगण होईल. त्यात मालकाच्या तोंडून निघून गेलं की “रात्रीच्या फेऱ्यांसाठी जरा जादा दिवे बसवायचेत”, की पंक्चरचं कुणी नाव काढणार नाही.

“म्होरं दोन फोकस टाका,” ट्रॅक्टरवाला सांगेल. “आन् टपावर एलईडी बार. पार धरणाची भिंत दिसली पाहिजे.”

“फोकसनं शोभा येती का? कडंकडंनं लाल-हिरवी माळ सोडा,” हे मंडपवाल्याचं.

डीजेवाला तर शार्पी लाईट घरून आणायलाच निघेल. वायरमन तात्या तेवढे विचारतील, “बॅटरी कितीची हाय?” सगळ्या चौकात कामाचा प्रश्न हा एकच, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष देणार नाही.

आता या मंडळींच्या उत्साहावर पाणी ओतायचं काम १९७२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय नियमावलीनं आधीच करून ठेवलं आहे. समुद्रात जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून ती केली आणि १९७७ पासून ती लागू झाली. तिच्यानुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पुढच्या दिशेनं पांढरा. कोणता दिवा किती अंशांत दिसावा हेही ठरलेलं: लाल आणि हिरवा प्रत्येकी साडेएकशेबारा अंश, मागचा १३५ अंश. तिन्हींची बेरीज बरोबर ३६० भरते. म्हणजे अंधारात कुणी कुठूनही पाहिलं, तरी बोट कुठल्या अंगानं दिसते आहे, ते दिव्याच्या रंगावरून कळतं. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर ती सरळ आपल्यावर येते आहे. उजवीकडून आडवी जाणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला, तर तिला वाट द्यायची जबाबदारी आपली. नुसता पांढरा दिसला तर बहुधा आपणच तिच्या मागे आहोत.

या हिशोबात मंडपवाल्याची लाल-हिरवी माळ सोडून पाहावी. बोट एकाच वेळी येते आहे, जाते आहे, डावीकडे वळते आहे आणि उजवीकडे पळते आहे, असा निरोप चारी दिशांना जाईल. समोरचा नावाडी कितीही हुशार असला, तरी एवढ्या बोटींना एकदम वाट कशी देणार? म्हणूनच नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की ठरलेल्या दिव्यांशी घोटाळा करतील, त्यांना झाकतील किंवा बोटीवरून पहारा ठेवण्यात अडथळा आणतील, असे दुसरे दिवे लावायचे नाहीत.

ट्रॅक्टरवाल्याचा फोकस मात्र निदान समंजस वाटतो. उजेड पडला की दिसतं, यात चूक काय? चूक डोळ्याच्या स्वभावात आहे. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो, आणि ही सगळी कमाई एका झगझगीत दिव्यापुढे क्षणात उधळून टाकतो. त्यात फोकस बोटीच्या नाकावर बसवला, तर त्याचा उजेड आधी बोटीच्याच पांढऱ्या पत्र्यावर, रेलिंगवर आणि हवेतल्या तुषारांवर पडतो. चालवणाऱ्याला स्वतःची बोट लख्ख दिसते आणि तिच्यापलीकडे काळी भिंत. समोरून कुणी येत असेल, तर त्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. एवढ्यासाठीच मुरलेले खलाशी रात्री बोट चालवायच्या जागी मंद लाल दिवा ठेवतात आणि सर्चलाईट फक्त धक्क्याला लागताना किंवा पाण्यात काही शोधताना पेटवतात.

खरं तर हे शास्त्र कडेकरांनी डांबरी रस्त्यावर रोज पाहिलेलं आहे. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. ट्रॅक्टरच्या कपाळावर असा उजेड की समोरच्यानं रस्ता सोडून शेतात उतरावं, आणि शेवटच्या ट्रॉलीमागे ठार काळोख. हंगाम आला की आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवायच्या मोहिमा काढतात, त्या याच काळोखापायी. बोटीचंही तसंच: तिचे दिवे चालवणाऱ्याला रस्ता दाखवायला नसतात, दुसऱ्यांना ती दिसावी म्हणून असतात. “भिंत दिसली पाहिजे” या मागणीत भिंतीला बोट दिसण्याचा विचारच नसतो.

बरं, दिसावं तरी कुणाला आणि कशाच्या गर्दीत? गोव्यात पणजीला मांडवीच्या पात्रात संध्याकाळी सहलीच्या बोटी निघतात. शेजारी कॅसिनोंची जहाजं रंगीत पाट्यांनी पेटलेली, काठावर शहर पेटलेलं. त्या झगमगाटापुढून छोटी होडी एका दिव्यानिशी निघाली, तर तो दिवा शोधायला लागतो. सगळेच चमकू लागले की कुणीच उठून दिसत नाही, ही गोष्ट डीजेवाल्याला तरी पटायला हवी. वरातीत दोन डीजे समोरासमोर आल्यावर काय ऐकू येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

कोकणात तर बोटीवरच्या दिव्यांनी राजकारणही पेटवलं. प्रखर एलईडी पाण्यावर सोडले की मासळी उजेडाकडे गोळा होते आणि मोठ्या जाळ्यात अलगद सापडते. पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध आवाज उठवला. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली आणि महाराष्ट्रानं २०२१ मध्ये आपल्या कायद्यात दंड वाढवले. सहलीच्या बोटीखाली निळे-हिरवे दिवे लावून फोटो काढणाऱ्यांना मासे पकडायचे नसतात, हे खरं. पण माशांना ते कोण सांगणार?

दिव्यांवर भरवसा किती ठेवावा, यालाही मर्यादा आहे. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला सहलीची दुमजली बोट संध्याकाळच्या अंधारात उलटली आणि २२ माणसं गेली. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती. लंडनमध्ये २० ऑगस्ट १९८९ च्या रात्री थेम्स नदीत ‘मार्शनेस’ या सहलीच्या बोटीला वाळू उपसणाऱ्या ‘बोबेल’ जहाजानं धडक दिली, त्यात ५१ जण गेले. थेम्समधल्या त्या दोन्ही नौकांवर पहारा नीट नव्हता, असं चौकशीत निघालं. जादा माणसांचं वजन आणि पहाऱ्यावरची डुलकी, यांवर अजून कुठला बल्ब निघालेला नाही.

मग जादा लावावं तरी काय? इथे वायरमन तात्यांचा प्रश्न कामाला येतो. इंजिन बंद करून सगळे दिवे नि गाणी त्याच बॅटरीवर चालवली, तर परतीला स्टार्टर नुसता टकटक करतो. तेव्हा दिव्यांची बॅटरी वेगळी, फ्यूज बॅटरीच्या जवळ, आणि नियमाच्या दिव्यांचा स्विच शोभेच्या दिव्यांपासून वेगळा. स्वस्त एलईडीनं आणखी एक खोड काढली आहे: त्यांच्या लहरींनी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओत खरखर येते. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २०१८ मध्ये तसा इशाराच दिला होता. पायऱ्यांशी, पायाच्या उंचीवर, खाली तोंड केलेले मंद दिवे मात्र जरूर लावावेत. उतरताना माणसं पडत नाहीत. लाईफ जॅकेटवर चमकपट्ट्या असल्या, तर पाण्यात पडलेला माणूस एका झोतात सापडतो.

आणि बोट अगदीच छोटी असेल, तर नियमावलीही ऐसपैस होते. सात मीटरच्या आतली, ताशी सात सागरी मैलांहून, म्हणजे साधारण तेरा किलोमीटरहून जास्त न पळणारी मोटारबोट असेल, तर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. लाल-हिरवे जमले तर लावावेत. नुसत्या वल्ह्यांची होडी असेल, तर हातातली टॉर्च किंवा पेटता कंदीलही पुरतो. अट एकच: तो हाताशी असावा आणि धडक व्हायच्या आधी दाखवावा.

ही विद्या कड्याच्या शिवारात घरोघरी आहे. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून रात्रीची येते, तेव्हा भर मध्यरात्री मोटर चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याला टॉर्च पायापुढं कधी मारायची, समोरच्याला कधी दाखवायची आणि कुणाच्या तोंडावर कधीच मारायची नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. नियमावलीवर त्याची हरकत नसेल. हरकत असेल ती मंडपवाल्याची: “एका टॉर्चचं भाडं लावायचं तरी काय, ते लिव्हलंय का त्येच्यात?”