कॅम्पातली काकू

"वहिनी, घाबरलात का हो सकाळी?" कुंपणाच्या तारेवर ओला पंचा टाकता टाकता काकूंनी विचारलं. घाबरायचं काय, पहिल्या आवाजाला मला वाटलं सिलिंडर फुटला. काचेच्या कपाटातल्या कपबश्या किणकिणत एका बाजूला सरकल्या होत्या.

"तोफा त्या. स्कूल ऑफ आर्टिलरीची फायरिंग रेंज आहे ना पलीकडे! चार दिवसांनी तुम्हाला झोपेतसुद्धा कळणार नाही. आमचा बोका बघा, कान हलवत नाही मेला."

"अहो, शांत जागा म्हणून दादरचं घर विकून आलो आम्ही."

"शांतच आहे. तोफा तेवढ्या सोडा." मग आवाज खाली आणून, "आणि एक करा, पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणा. नुसतं देवळाली म्हणालात की रिक्षावाला देवळाली गावात नेऊन सोडतो, नाशिकरोडला. आमच्या नातवाच्या मुंजीला जावेच्या माहेरची माणसं तिकडेच उतरली. इकडे मुहूर्त टळायची वेळ, आणि ते तिकडे आहेराच्या पिशव्या धरून मारुतीच्या देवळापाशी!"

काकूंना एकदा विषय सापडला की मध्ये बोलायचं नसतं, हे मला एव्हाना कळलंय. मी भाजी निवडायला तिथेच पायरीवर बसले.

"गोऱ्यांनी वसवलं हे, १८६१च्या सुमारास. त्याच साली इगतपुरीवरून चाळीसगावपर्यंत रेल्वे धावायला लागली. खाली कसाऱ्यापर्यंतही आली होती, पण मधला थळ घाट पुरा व्हायला १८६५ उजाडलं. तर इथे ठेवायचे कोणाला, ज्यांची हिंदुस्थानातली नोकरी संपलीय अशा सोल्जरांना. मुंबईहून जहाजात बसून घरी जायचं. पण जहाजं सुटायची थंडीत! ज्याची मुदत चैत्रात भरली, तो बसला इथे दिवाळीची वाट बघत. काम नाही, धंदा नाही, वर आपला वैशाख. दारू प्यायची आणि बाजारात भांडणं काढायची. काहींची तर डोकी फिरली. विलायतेत डोकं फिरलेल्याला अजून आपल्या गावाचं नाव लावतात म्हणे!"

"काय सांगता!"

"अहो, बीबीसीने मालिका काढली होती या कॅम्पावर. १९७४ ते १९८१, इतकी वर्षं चालली. विनोदी. लढाईच्या दिवसांत इथे नाटकं बसवणाऱ्या पलटणीची. आणि शूटिंग केलं कुठे, तर तिकडे इंग्लंडातच. इथे आले असते तर निदान आपल्या खानावळवाल्याला चार पैसे तरी मिळाले असते."

मला विचाराल तर काकूंचा सगळा इतिहास शेवटी चार पैशांवर येतो, आणि ते काही चुकीचं नाही. कॅम्प उभा राहिला तेव्हा आपली माणसं त्यात होती ती धोबी, शिंपी, दूधवाले, भाजीवाले म्हणून. भगूर, संसरी, बेलतगव्हाण इथली. त्याच भगूरात, गोऱ्या पलटणीच्या नाकासमोर, १८८३ साली सावरकर जन्मले, हे काकूंनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता माझ्याच माहेरची गोष्ट वाटते.

"इथे जो तो कशाची ना कशाची वाट बघायला आला," काकू म्हणाल्या. "सोल्जर जहाजाची. मग मुंबईचे पारशी, गुजराती, कच्छी आले, छातीची दुखणी घेऊन. कोरडी हवा ना इथली! लॅम रोडवर ही जी सॅनिटोरियमं दिसतात, ती त्यांच्या त्यांच्या समाजांनी बांधलेली. दिलीपकुमारच्या घरचे तरी कशाला आले? थोरल्या भावाच्या पाठीच्या दुखण्यासाठी. वडिलांचा फळांचा व्यापार. युसुफ, म्हणजे दिलीपकुमारच हो, आपल्या बार्न्स शाळेत जायचा. आई-वडिलांच्या कबरी इथेच आहेत."

"बार्न्स म्हणजे ती टेकडीकडची, दगडी?"

"तीच. १९२५ला सुरू झाली. मूळ संस्था मुंबईची, १८१५ सालची. भायखळ्याची मुलं इथल्या हवेत आणून ठेवली. आमचे सासरे सांगायचे, सुट्टी लागली की ट्रंकांच्या राशी पडायच्या स्टेशनात."

स्टेशनचं नाव निघालं आणि काकूंचा स्वर चढला. "त्या स्टेशनला कमी लेखू नका हं. देशातली पहिली किसान रेल इथून सुटली, ७ ऑगस्ट २०२०ला, थेट बिहारात दानापूरला. भाजी-फळं भरभरून. इकडे लॉकडाऊनमध्ये मी पावशेर टोमॅटोसाठी घासाघीस करत होते, आणि आपला माल चालला दीड हजार किलोमीटर!"

सोयींचं म्हणाल तर कॅम्पात वाण नाही. कॅन्टोन्मेंटचं हॉस्पिटल आहे, शाळा आहेत, नाशिकरोडला जायला सिटीलिंक आहे, रस्त्यांना खरीखुरी सावली आहे. उंच टॉवर बांधू देत नाहीत, त्यामुळे माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन येतं. दादरला वाळवणं घालायची आशाच सोडली होती मी.

"पण हे महापालिकेत जाणार म्हणतात ते?" मी विचारलं.

काकूंनी पंचा झटकला. "चाललंय खरं. २०२३ला हिमाचलातली योलची छावणी मोकळी केली, पुढच्या यादीत आपलंही नाव आहे. हे म्हणतात, बरं होईल. मी म्हणते, घरपट्टी कोण भरणार? आणि तो कोपऱ्यावरचा कौलारू बंगला, त्याच्या मालकाचे पुतणे आत्तापासून बिल्डरकडे चकरा मारतायत. अहो, ओल्ड ग्रँटचा बंगला तो. जमीन सरकारची, यांच्या नुसत्या भिंती. त्यातही सहा पुतणे आणि खोल्या चार. परवा त्यांच्यातल्या थोरल्या जावेने म्हणे मागच्या व्हरांड्याला स्वतःचं कुलूप लावलं. धाकटीने काय केलं असेल?"

"काय?"

"श्श! थोरली इकडेच येतेय, हातात वाटी आहे. साखर मागेल. नाही म्हणून सांगा, मागच्या दोन वाट्या अजून परत आलेल्या नाहीत."