दात बसवू इच्छिणाऱ्यांस बाजारी सूचना

सदर सूचना घोडेगाव व पंचक्रोशीतील अशा सर्व इसमांसाठी आहेत, ज्यांची दाढ पडून गेली आहे आणि जे 'कांद्याचे पैसे आले की बघू' म्हणत एकाच बाजूनं चावत आहेत.

घोडेगावच्या माणसाला दातांतलं कळत नाही, असं कोणी म्हणू नये. जनावरांच्या बाजारात तो गाईच्या तोंडात अंगठा घालतो, खालचा ओठ खाली ओढतो आणि क्षणात निकाल देतो: आदत, दुसा, चौसा, जुळलेली. व्यापारी 'दुसऱ्या वेताची' म्हणून देवाची शपथ घेत असला, तरी याचा भरवसा खालच्या आठ दातांवर. हाच माणूस दवाखान्याच्या खुर्चीत आडवा झाला, की आ वासून गप्प पडतो. किती पैसे, कशाचे, का, काही विचारत नाही. खुर्चीत आपण जनावराच्या जागी असतो हे खरं, पण पैसेही आपणच मोजणार असतो. तेव्हा बाजारात जसे वागता तसेच दवाखान्यात वागावे.

'बैलाला वरचे पुढचे दात जन्मापासून नसतात, त्याचं कुठं अडतं?' असा सवाल पारावर हमखास येईल. त्यावर सांगावे, की बैल रवंथ करतो तो दाढांवर, आणि आपली नेमकी दाढच गेली आहे. उसाच्या पट्ट्यात राहून उसाचं कांडं दातानं सोलता येत नाही, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

कांद्याच्या भावाची वाट पाहणाऱ्यांसाठी खास सूचना. दात गेला, की त्याला धरून असलेलं जबड्याचं हाड बेकार होतं आणि झिजू लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जोरात. कांद्याचा भाव कधी ना कधी परत येतो, हाड आपणहून येत नाही. मग आधी हाडाची भर घालावी लागते, म्हणजे आणखी काही महिने आणि आणखी पैसे.

आता इम्प्लांट म्हणजे काय. हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट नावाचा जोड आणि त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात. हा शोध स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या नावावर आहे. 1950च्या दशकात ते सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून आतलं रक्ताभिसरण पाहत होते. काम झाल्यावर उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाडानं ते आपलंच मानलं होतं. 1965 साली योस्ता लार्सन या रुग्णाला त्यांनी असे दात बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते दात कामात होते. इतकी हमी मात्र कोणाकडून लिहून मागू नये.

शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर असल्यानं एक शंका आधीच निकाली काढतो. शनिवारी लोखंड घेऊ नये हे मान्य, पण टायटॅनियम लोखंड नव्हे. शनिवारी स्क्रू बसवायला शास्त्राची हरकत दिसत नाही. डॉक्टर त्या दिवशी दर्शनाला गेले नसले म्हणजे झालं.

भाव ठरवताना रुमालाखाली बोटं धरायची पद्धत इथं चालत नाही, तरी मूळ तत्त्व सोडू नये. एका दाताचा खर्च साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पुढे, म्हणजे चार-पाच दातांत दुभती म्हैस दारात येते. कमी आकड्याची जाहिरात दिसली, तर तो आकडा नुसत्या स्क्रूचा आहे की जोड आणि कॅपसकट, हे विचारावे. म्हशीचा भाव ठरल्यावर रेडकाचे वेगळे, हे आपण बाजारात कधी ऐकून घेतलं आहे का? लोणीचं रूरल डेंटल कॉलेज किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, असा पर्यायही पाहून यावा. तिथं खेपा जास्त होतात, खर्च बहुधा कमी.

'त्यापेक्षा ब्रिज करून टाका' असंही कोणी सुचवेल. ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचं नुकसान गोड लागतं. इथं शेजारी आपलेच असतात.

स्क्रू बसवण्याआधी आपलेही दात पाहिले जातील, आणि तेव्हा व्यापाऱ्यासारखं खोटं बोलू नये. साखर किती, हे कागदासह सांगावे. वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही. तंबाखू सोडल्याचं सांगून खिशातली पुडी चाचपू नये. आत्याबाईंनी 'मी कुठं तंबाखू खाते, नुसती मशेरी लावते' हा युक्तिवाद घरीच ठेवावा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर ते सगळ्यात आधी सांगावे, कारण त्यात जबड्याचं हाड चिघळण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष काम जागेपणी, सुन्न करून होतं. ड्रिल चालताना तोंडात पाण्याची धार सुटते ती धुण्यासाठी नव्हे. हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरतं, आणि मेलेलं हाड स्क्रू धरत नाही. नंतर तीन ते सहा महिने थांबावं लागतं. या काळात 'दात आला का?' विचारणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

दात बसल्यावर गैरसमज होतो, की आता किडायचा प्रश्नच मिटला. स्क्रू किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजते, तिच्यामागून हाड जातं. आणि तो स्वतः दुखत नाही, हीच त्यातली गोम. म्हणून बारीक ब्रशनं फटी साफ कराव्यात आणि सहा महिन्यांनी दाखवून यावं, दुखत नसलं तरी.

सगळेच दात गेलेल्या आबांनी घाबरू नये. पूर्ण जबडा स्क्रूंनी भरायची गरज नसते. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवता येते. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या कवळीसाठी हाच पहिला पर्याय ठरवला. शिंकेसरशी कवळी ताटात पडण्याचे प्रसंग त्यानं टळतात. सुनेनं वाढलेल्या भाकरीला नावं ठेवायची सबब मात्र जाते.

शेवटी कागद. इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्यावे. उद्या मुलाकडे पुण्याला असताना जोड सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लागेल हे त्यावरून कळतं. कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे ते भावकीसुद्धा हरवू देणार नाही.